‘स्ट्रेटजॅकेट’ म्हणजे सरळ सदरा?

मृणाल: लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात जेम्स नॉरिस या रुग्णाला जखडून ठेवल्याचं १८१४ साली उघडकीला आलं, त्या प्रकरणावरचा मजकूर मराठीत आणायचाय. आधीच्या मसुद्यात ‘स्ट्रेटजॅकेट’चं, म्हणजे रुग्णाचे हात जखडायच्या कपड्याचं, ‘सरळ सदरा’ झालंय, ते खटकतं. ‘सिक्लूजन’ला, म्हणजे रुग्णाला एकटं बंद ठेवण्याला, ‘एकांतवास’ चालेल?

वामन: ‘सरळ’ सपशेल चूक. उच्चार सारखा, शब्द निराळा. हा ‘स्ट्रेट’ म्हणजे अरुंद, आवळ. सामुद्रधुनीला इंग्रजीत हाच शब्द आहे. कापड जाड कॅनव्हासचं, बाह्या हातांपेक्षा लांब आणि टोकाला शिवून बंद. हातांची छातीवर घडी घालायची आणि बाह्यांची टोकं पाठीमागे बांधायची. फार आवळलं की छाती फुगत नाही, श्वास अपुरा पडतो. तासन्‌तास ठेवलं की हात बधिर होतात. ‘जखडबंडी’ कसं वाटतं?

शशिकला: वामनराव, बंडीला बाह्या कुठे असतात? इथे सगळी मेख बाह्यांतच आहे! ‘जखड-अंगरखा’ म्हणा, अंगरख्याला निदान बंद तरी असतात.

पण मृणाल, नॉरिसच्या वर्णनात हा शब्द घुसवू नकोस. त्याला लोखंडाने बांधलं होतं. गळ्यात लोखंडी कडं. त्याची आखूड साखळी भिंतीलगतच्या उभ्या गजावर वरखाली सरकणाऱ्या कडीला जोडलेली. कमरेभोवती लोखंडी पट्टा, दंड अंगाशी जखडलेले, उजवा पाय झोपायच्या जागेला साखळीने बांधलेला. ‘बेड्या घातल्या’ एवढ्यावर भागवलंस तर वाचकाला फक्त हातपाय दिसतील. (गाजलेल्या चित्राखाली त्याचं नाव ‘विल्यम’ पडलंय, तेही तपासून घे.)

‘एकांतवास’ नकोच. तुकोबांना रुचतो तो एकांताचा वास. ज्याला बाहेरून कडी लावतात त्याचा कसला आलाय एकांत? ‘एकट्याला कोंडणे’ लिही.

वामन: हे पटलं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा संदर्भ देणार असाल तर बांधण्याचे शब्दही वेगळे ठेवा. कलम ९५ मध्ये साखळीने बांधायला सरसकट मनाई आहे. कलम ९७ मध्ये कोंडायला बंदी; शरीर जखडायला मात्र परवानगी आहे, तीही तातडीची इजा टाळायला दुसरा उपायच नसेल आणि प्रभारी मनोविकारतज्ज्ञाने मंजुरी दिली असेल तरच. तिन्हींना ‘बंधन’ म्हटलंत तर कायदाच उलटा वाचला जाईल.

मृणाल: मग साखळी, कोंडणं, जखडणं असे तीन वेगळे ठेवते. आणि ‘मनोरुग्णालय’?

शशिकला: कायद्यापुरतं ठेव. १८१४ साठी ‘वेड्यांचं इस्पितळ’च.