शब्दचर्चा: बीअरच्या माल्टचा ‘उतारा’ म्हटलं तर चालेल का?

येरळाकाठ:
नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय आणि त्या एका शब्दावर पुढचा सगळा हिशेब अडलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझा भाचा इंग्लंडात असतो, तिथं घरी स्वतःपुरती बीअर करायला लायसन लागत नाही, १९६३ साली ती अटच काढून टाकली. (आपल्याकडं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे, तेव्हा इथं कुणी वाचून सुरू करू नका, मला फक्त शब्द हवेत.) तर तो तिथल्या चार मराठी मित्रांसाठी मराठीतून एक टिपण लिहितोय आणि दर दोन ओळींनी मला फोन करतोय, कारण मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केली, रस आणि ब्रिक्स (रसात शेकडा किती साखर आहे ते माप) यातच आयुष्य गेलं.

त्याचं झालंय असं. साडेचार किलो माल्ट घेतलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, आपण नाचणीचं सत्त्व करताना करतो तेच. ते भरडून गरम पाण्यात तासभर ठेवलं, गोड पाणी गाळून घेतलं, उकळलं, २० लिटर भरलं. रेसिपीत लिहिलेलं की हायड्रोमीटर, म्हणजे रस किती जड ते दाखवणारा तरता काटा, १.०५० दाखवेल (साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो), याचा आला १.०४२. म्हणजे पाण्यापेक्षा ५० पॉइंट जड पाहिजे होतं ते ४२ च भरलं. यीस्टनं साखर खाऊन काटा १.०१० ला थांबला तर सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करायचा आणि १३१.२५ नं गुणायचं, रेसिपीप्रमाणं सव्वापाच टक्के अल्कोहोल पाहिजे होतं आणि याचं भरणार ४.२.

आता टिपणात त्यानं लिहिलंय, ‘माझी कार्यक्षमता कमी पडली त्यामुळे बीअरची ताकद कमी झाली.’ मला हे दोन्ही शब्द खटकले. कार्यक्षमता म्हटलं की माणसाचा गोपनीय अहवाल डोळ्यासमोर येतो, इथं तर दाण्यातली साखर दाण्यातच राहिली एवढंच झालंय. आणि बीअरची ताकद असं आपल्याकडं कोण म्हणतं? मी त्याला सुचवलं की पहिल्यासाठी ‘उतारा’ लिही. ऊस गाळपाला आला की संध्याकाळी चौकात पहिला प्रश्न तोच असतो, उतारा किती लागला, म्हणजे उसातून शेकडा किती साखर निघाली. ऊसदराचं गणितच त्याच्यावर बांधलंय, १०.२५ टक्के उतारा धरून एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, ठरते. इतका रुळलेला शब्द घरात असताना कार्यक्षमता कशाला आणायची. तर मंडळींनी सांगावं, उतारा बसतोय का? आणि स्ट्रेंथला काय म्हणावं?

आबोली:
काका शब्द छान आहे पण एक अडचण दिसते. दारूच्या संदर्भात उतारा म्हटलं की माझ्या डोक्यात आधी येतं ते चढलेली उतरवायचा उपाय, म्हणजे दारूवर उतारा, विषावर उतारा. ‘बीअरचा उतारा’ असं कुणी वाचलं तर त्याला वाटेल सकाळी लिंबूपाणी प्या असं सांगतायत. शिवाय सातबाराचा उतारा, पुस्तकातला उतारा, चौकात नारळ-लिंबू टाकतात तो उतारा, आधीच एवढे अर्थ आहेत.

येरळाकाठ:
ताई बरोबर आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बीअरचा उतारा लिहू नये. पण उतारा बीअरचा नाहीच ना, माल्टचा आहे. उसाचा उतारा म्हणतो तसा ‘माल्टचा उतारा’ लिहिलं तर गोंधळ राहत नाही असं वाटतं.

चुलवाण:
मी कराडकडचा, आमचं गुऱ्हाळ होतं. स्ट्रेंथला ‘कडक’ लिहा की सरळ. कडक चहा, कडक तंबाखू, कडक बीअर. नाहीतर पहिल्या धारेची.

आणि दादा भाच्याला सांगा घाबरायचं काम नाही, रस पातळ आला तर गुळव्या काय करतो, जाळ वाढवतो आणि आटवतो. काहिलीतलं पाणी उडतंय, साखर कुठं जात नाही.

येरळाकाठ:
आटवण्याचं अगदी नेमकं बोललात, पूर्ण हिशेबच त्यात आहे बघा. २० लिटर गुणिले ४२ म्हणजे ८४० पॉइंट साखर त्या भांड्यात आहे, ती ना वाढणार ना घटणार. ८४० ला ५० नं भागा, १६.८ येतात. म्हणजे ३.२ लिटर पाणी उडवलं की पाहिजे तो आकडा आला, फक्त बीअर तेवढी कमी मिळणार. आणि आधी आटवून घ्यायचं मग हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) टाकायचे, नाहीतर कडवटपणाही त्याच्याबरोबर दाट होतो. टिपणात त्यानं ‘बाष्पीभवनाद्वारे संहत करणे’ लिहिलंय, ते खोडून ‘आटवणे’ लिहायला सांगतो.

पण कडकवर माझं मत वेगळं आहे. कडक हे जिभेचं माप आहे. हॉप्स जास्त पडले तरी लोक कडक म्हणतात, भाजलेलं काळं माल्ट असलं तरी कडक म्हणतात. गिनेस दिसायला काळीकुट्ट, चवीला करपट, आणि अल्कोहोल साधारण ४ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे चवीला कडक असलेली बीअर मापात हलकी असू शकते. रेसिपीत आकडा गाठायचा आहे तर आकड्याचाच शब्द हवा. पहिल्या धारेची तर इथं नकोच, धार ऊर्ध्वपातनाची, भट्टीवर वाफ थंड करून पडते ती. बीअरमध्ये धार नसतेच, ती नुसती आंबवायची असते.

आबोली:
मग ‘मद्यार्क’ आहेच की. मद्यार्काचं प्रमाण. बाटलीवरही छापतात. अर्क हा अरबीतून आलेला, तिकडं मूळ अर्थ घाम, भट्टीच्या नळीतून थेंब थेंब पडतं म्हणून.

येरळाकाठ:
हो, हे घेतलं. बीअर पुरी झाल्यावर जे मोजायचं ते मद्यार्काचं प्रमाण. ‘स्ट्राँग’ हा शब्दही राहू दे असं मी म्हणेन, कारण आपल्याकडं त्याला कायद्यातला अर्थ आहे, ५ टक्क्यांच्या वर ते ८ टक्क्यांपर्यंत ती स्ट्राँग. भाच्याची ४.२ त्यात बसत नाही, सव्वापाचची मात्र बसली असती.

द्राक्षबाग:
तासगावहून. आमच्याकडं बागेत मणी फोडून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे उजेड किती वाकतो त्यावरून साखर दाखवणाऱ्या यंत्रावर, थेंब टाकतो आणि विचारतो शुगर किती भरली. आकडा ब्रिक्सचा असतो पण बोलताना कुणी घनता म्हणत नाही आणि विशिष्ट गुरुत्व तर शाळेनंतर ऐकलंच नाही. तुमच्या भाच्यानं यीस्ट टाकायच्या आधीच्या मापाला ‘साखर भरली’ असं लिहावं. अजून एक, साधारण ४ पॉइंट म्हणजे १ ब्रिक्स ना? म्हणजे त्याची साडेदहा भरली, साडेबारा पाहिजे होती. त्याला म्हणावं रिफ्रॅक्टोमीटरच वापर, थेंबात काम होतं.

येरळाकाठ:
‘भरली’ हा शब्द मला फार आवडला, दाणा भरतो, मणी भरतो तसा रस भरला. आणि हिशेबही बरोबर आहे तुमचा. चेक लोक तर बीअर मागतातच याच आकड्यानं, दहाची द्या नाहीतर बाराची द्या, म्हणजे आंबवायच्या आधी शेकडा किती साखर भरली होती ते. दहाची साधारण ४ टक्के मद्यार्काला जाते, बाराची ५ ला. म्हणजे तुमच्या बागेतलं माप तिथं बीअरचं नावच झालंय.

रिफ्रॅक्टोमीटर मात्र यीस्ट टाकायच्या आधीपर्यंतच. एकदा आंबायला लागलं की त्यात अल्कोहोल येतं, अल्कोहोल उजेड पाण्यापेक्षा जास्त वाकवतं, आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. शेवटचं माप तरत्या काट्यावरच घ्यायचं, तेही रस थंड करून, काट्यावर जे टेम्परेचर छापलंय त्याला, बहुतेक २० अंश असतं. गरम रसात काटा खाली बसतो आणि साखर कमी भरली असं वाटतं. भाच्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला होता, पण त्यानं थंड करूनच बघितलेलं, म्हणजे ४२ खरेच होते.

मोळी:
मी पण कारखान्यातली आहे, सातारा जिल्ह्यात, मिल सेक्शन बघते. सर माफ करा पण उतारा तुम्ही चुकीच्या जागी लावताय. आपला उतारा म्हणजे शंभर किलो उसातनं साखर किती किलो निघाली. त्यांचं ते एफिशियन्सी तसं नाहीये, त्यात दाण्यात जेवढी साखर निघण्यासारखी आहे त्यातली किती हाती आली हे बघतात. त्याला आपल्याकडं उतारा कुणी म्हणत नाही, ते मिल एक्स्ट्रॅक्शन आहे. उसात साखरच कमी असली तर उतारा पडेल पण एक्स्ट्रॅक्शन चांगलं असू शकतं. दोन्ही एकाच शब्दात घातलं तर टिपण वाचणाऱ्याचा हिशेब चुकणार.

येरळाकाठ:
ताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत, रात्रभर यावरच विचार केला. चूक माझीच आहे. साडेचार किलो माल्टमधून किलोला सुमारे ३०० पॉइंट निघण्यासारखे, म्हणजे एकूण १३५०. हाती आले ८४०. ते ६२ टक्के झाले, आणि रेसिपी लिहिणाऱ्यानं ७५ धरलेले. हे ६२ म्हणजे एक्स्ट्रॅक्शन, उतारा नाही, मान्य.

पण मग मी ८४० ला सरळ साडेचार किलोनं भागून बघितलं. १८७ येतात. किलोला १८७ पॉइंट, हा खरा उतारा, एकरी किती टन पडला म्हणतो तसा किलोमागे किती पडला. आणि रेसिपी सुधारायला नेमका हाच आकडा लागतो, टक्केवारीची गरजच राहत नाही. २० लिटरला ५० पाहिजेत म्हणजे १००० पॉइंट, भागिले १८७, पाच किलो साडेतीनशे ग्रॅम माल्ट. त्याच भांड्यात दाणा वाढला की धुवायला पाणी कमी पडतं आणि उतारा थोडा खाली येतो, म्हणून साडेपाच किलो धरायचं.

धुण्यावरून आठवलं, ते दाण्यावर शेवटी गरम पाणी सोडतात त्याला ते लोक स्पार्ज म्हणतात, ते आपलं इंबिबिशनच ना? शेवटच्या मिलच्या आधी चिपाडावर पाणी मारतो तेच.

मोळी:
तेच सर, शंभर टक्के. पण मराठीत त्याला इंबिबिशन लिहू नका, कारखान्याबाहेर कुणाला कळायचं नाही. ‘चोथा धुणे’ लिहा, नारळाचं दूध काढताना दुसरं पाणी घालून पिळतो ते सगळ्यांना माहिती असतं.

आणि एक्स्ट्रॅक्शन कमी का आलं ते बघितलं का? आमच्याकडं पहिला संशय नेहमी तयारीवर, ऊस नीट फुटला नाही तर पुढं कितीही पाणी मारा.

येरळाकाठ:
तिथंच सापडलं! दुकानातून भरडून आणलेलं होतं, त्याला म्हटलं मूठभर दाणे मोकळे करून बघ, तर पाच-सहा दाणे अख्खेच्या अख्खे. अख्ख्या दाण्यात पाणी शिरत नाही, साखर होणार कुठून. पण पीठही करायचं नाही, टरफल शाबूत राहिलं पाहिजे, तेच गाळणी होतं, नाहीतर रसच खाली उतरत नाही. आपल्याकडं यासाठी किती चांगला शब्द आहे बघा, ‘भरड’. दळणे वेगळं, भरडणे वेगळं, जात्याचा खुंटा वर-खाली करून आपल्या आया-आज्या हे रोज करत होत्या. टिपणात त्यानं ‘मिलिंग गॅप समायोजित करणे’ लिहिलंय तिथं आता ‘भरड थोडी बारीक करा, टरफल फोडू नका’ एवढंच.

चुलवाण:
साखरच घालायची की थोडी, एवढा खटाटोप कशाला?

येरळाकाठ:
घालता येते. ८ पॉइंट कमी, २० लिटर, म्हणजे १६० पॉइंट, साखर किलोला ३८४ देते, तर ४२० ग्रॅम. पण साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागं काही ठेवत नाही, मद्यार्क वाढतो आणि घोट तोंडात पाणचट लागतो. माल्टची वाळवलेली पूड घातली तर ४४० ग्रॅमच्या आसपास, ती दाटपणा राखते. ‘पाणचट’ हा शब्द पण टिपणात गेला पाहिजे, इतका नेमका दुसरा नाही.

आबोली:
यीस्ट घालण्याला काय लिहिलंय? किण्व हा जुना शब्द आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात पाणी, तांदूळ आणि किण्व यांची मापं दिलीत, म्हणजे प्रमाण बसवायची खटपट तेव्हापासूनची. पण आज कुणी किण्व घाल म्हटलं तर नाही कळणार. मी ‘यीस्टचं विरजण लावणे’ सुचवेन.

येरळाकाठ:
विरजण लावणे घेतलं ताई. भाच्याला काल रात्री वाचून दाखवलं, त्यानं ती ओळ आता अशी लिहिलीय: ‘भरड जाड राहिली म्हणून माल्टचा उतारा किलोला १८७ च पडला, रस ४२ च भरला. या खेपेला आटवून १६.८ लिटरवर आणला आणि मग विरजण लावलं. पुढच्या खेपेला भरड बारीक, माल्ट साडेपाच किलो.’ त्यातल्या शेवटच्या आकड्याला मी हरकत घेतलीय, भरड सुधारली की उताराही वाढणार, दोन्ही एकदम केलं तर काटा ५० च्या वर जाईल. आधी भरड सुधारून साडेचार किलोवरच उतारा बघ म्हटलंय.