मदत हवी आहे: काळ्या मातीत घराचा पाया, चुना, मुरूम की पाइल?

नमस्कार मंडळी,

परभणीजवळच्या आमच्या गावात 30 बाय 40 चा प्लॉट आहे. आत्ता तळमजला आणि पुढेमागे जमलं तर वर एक मजला, असा विचार आहे. पावसाळ्याआधी जोत्यापर्यंत काम न्यायचंय, पण पायाचंच ठरत नाहीये.

माती अस्सल काळी. जेसीबीने सात फुटांचा खड्डा घेतला, तळालाही काळीच. शेजारच्या विहिरीत मुरूम लागतो तो बारा फुटांच्या खाली. मे महिन्यात प्लॉटवर मनगट आत जाईल एवढ्या भेगा असतात. शेजारच्यांच्या विटांच्या घराला खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे गेलेत. ते पावसाळ्यात मिटतात आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. बाबांनी आयुष्यभराची पुंजी या घरात घातली आहे, त्यामुळे मला हे अंदाजावर सोडायचं नाही.

मातीची फुगवण चाचणी करून घेतली. 10-10 ग्रॅम चाळलेली माती एका नळीत रॉकेलमध्ये आणि दुसऱ्या नळीत पाण्यात चोवीस तास ठेवली. रॉकेलमध्ये ती 10 मिलीवर बसली, पाण्यात 19 वर गेली. म्हणजे फुगवण 90 टक्के.

कंत्राटदार म्हणतात, फुटिंगच्या खड्ड्यात चुन्याची पोती ओता, वर मुरूम भरा, काही होत नाही. अभियंता म्हणतात, अंडर-रीम पाइलच (तळाशी फुगीर केलेले, जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घ्या. खर्चात बराच फरक पडतो. परळीच्या वीज केंद्राची राख जवळ मिळते, ती चुन्यात मिसळून चालेल का? ज्यांनी अशा जमिनीत बांधलंय, त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, चाचणी करून घेतलीत हे फार बरं केलंत. चुना ओतून काहीही होणार नाही. चिकणमातीत तो जिथे पडतो तिथून जेमतेम काही सेंटिमीटर सरकतो. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणाकणाशी भिडलं तरच तिचा चिकटपणा आणि फुगणं कमी होतं. त्यासाठी ढेकळं फोडायची, कोरड्या मातीच्या वजनाच्या साधारण 4 ते 6 टक्के चुना मिसळायचा, ओलावा देऊन दिवसभर मुरू द्यायचं आणि मग थराथराने रोलर फिरवायचा. रस्त्याच्या कामात हे उत्तम जमतं. सात फूट खोल खड्ड्यात कोण करणार? राखही चालते, पण ती नुसती नको, चुन्यासोबतच.

मुरुमाबाबत जास्त जपा. मोकळा, पाणी झिरपणारा मुरूम काळ्या मातीच्या खड्ड्यात भरला की पावसाचं पाणी तिथेच साचतं आणि चहूबाजूंनी माती फुगवतं. फरशीखालची काळी माती काढून तिथे न फुगणारी पण बांधून राहणारी माती भरा, साधारण मीटरभर, नीट दाबून. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी याच पद्धतीवर मोठं काम केलं आहे.

पायासाठी तुमचे अभियंता बरोबर आहेत. ऋतूंचा ओलावा साधारण साडेतीन मीटरपर्यंत खेळतो. पाइल त्याखाली जातो आणि तळाचा फुगवटा त्याला धरून ठेवतो. मात्र प्लिंथ बीमखाली (पाइलांना जोडणाऱ्या, भिंती पेलणाऱ्या आडव्या तुळईखाली) साधारण 8 सेंमी पोकळी सोडायला लावा. गवंडी हमखास तिथे माती भरून टाकतात, मग फुगलेली माती बीमच उचलते.

मूळ लेखिका

दादा, मनापासून आभार. चुन्याचा विषय आज बाबांसमोर मिटवते आणि अभियंत्यांना पोकळीचं नकाशावर लिहून मागते. आता एक राहिलं: प्लॉटच्या कोपऱ्यात, भिंतीपासून आठ फुटांवर जुना कडुनिंब आहे आणि शोषखड्डाही त्याच बाजूला काढलाय. शोषखड्डा मागे हलवता येईल, झाड तोडायचं मनात नाही. मुळं उन्हाळ्यात त्या कोपऱ्यातली माती जास्त सुकवतील ना? त्या बाजूचे पाइल आणखी खोल घ्यावेत का?