मदत हवी आहे : खोल समुद्रातल्या एकाच खेकड्याची दोन नावं, आणि नमुन्यांत फरक दिसतो तो जातीचा की वयाचा?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांब झाला तर सांभाळून घ्या.

मी लाखांदूर तालुक्यातली, भंडारा जिल्हा. एमएस्सी झूलॉजी सेकंड इयर. सेमिनारला सरांनी विषय दिला कॅरिब्डिस स्मिथी, म्हणजे अरबी समुद्रातला खोल पाण्यातला पोहणारा खेकडा, त्याच्यातले फरक आणि तो कुठे कुठे सापडतो ते. समुद्र मी अजून पाहिलेला नाही, पण खेकडे लहानपणापासून हातात आहेत, रोवणीच्या दिवसात बांधीतून (धानाच्या शेतातून) डबाभर खेकडे आणायचं काम माझंच असायचं, त्यामुळे विषय मिळाला तेव्हा मला खरंच आनंद झाला होता.

आता अडचण. सरांच्या ओळखीतून कोचीवरून एका बरणीत स्पिरिटमधले ९ नमुने आलेत. पाच तळाच्या जाळ्यातले, चिठ्ठीवर ३०० मीटर लिहिलंय. चार रात्री मधल्या पाण्यात ओढलेल्या जाळ्यातले. सगळ्यांचा शेवटचा पाय वल्ह्यासारखा चपटा आहे (आपल्या बांधीतल्या खेकड्याचा तो पाय टोकदार असतो, दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, एक चालायला बनलाय आणि एक पोहायला हे बघताक्षणी कळतं). पण तळाचे पाचही मोठे, कवच जाड, नांग्या भरलेल्या, आणि वरच्या पाण्यातले चार लहान, पाय बारीक, त्यातल्या एकाचं कवच तर बोटानं दाबलं की दबते. मला पहिल्यांदा वाटलं या दोन वेगळ्या जाती आहेत.

त्यात नावांचा घोळ. मॅकलेनं १८३८ मध्ये स्मिथी नाव दिलं. १९४९ मध्ये लीन आणि ब्यूटेंडाइक यांनी एडवर्डसी म्हणून जात लिहिली, आणि पश्चिम हिंदी महासागरातल्या मोठमोठ्या झुंडींवरचे जुने पेपर याच एडवर्डसी नावानं आहेत, १९६९ चा लॉसचा पेपर पण. नंतरचे लोक म्हणतात दोन्ही एकच. मग मी नकाशा काढताना दोन रंगांचे ठिपके द्यायचे की एकाच रंगाचे?

घाईत निष्कर्ष काढायची मला भीती वाटतेय त्याचं कारण सांगते. मागच्या पावसाळ्यात मी सरावासाठी आमच्या बांधीतले आणि नाल्यातले खेकडे व्हर्नियरनं मोजले होते. नाल्यातले सरासरीनं कितीतरी मोठे निघाले, एक नांगी तर डोळ्यात भरण्याइतकी मोठी. मी वहीत लिहूनही टाकलं की नाल्यातला प्रकार वेगळा. आईनं वही पाहिली नाही, नुसतं ऐकलं आणि म्हणाली, "अवं, नाल्यात जाऊन तू मोठे मोठेच धरले ना, बारके तर दगडाखाली पळते." मग उलटे करून पोटाची पाटी पाहिली तर नाल्यातले जवळपास सगळे नर, अरुंद पाटीचे, आणि बांधीतल्यात माद्या जास्त, रुंद पाटीच्या. म्हणजे मी नराची तुलना मादीशी आणि मोठ्याची लहानाशी करत होते. तीच चूक आता समुद्राच्या खेकड्यात करायची नाही.

म्हणून विचारते : रुंदी मोजताना बाजूच्या काट्यांच्या टोकापासून टोकापर्यंत घ्यायची की काटे सोडून? नांगीची तुलना कशी करायची? आणि एवढ्या नऊ नमुन्यांवर मी काय बोलू शकते, काय नाही? सेमिनार पुढच्या महिन्यात आहे. इथे रेंज संध्याकाळी बोडीच्या (गावतळ्याच्या) पाळीवर गेल्यावरच येते, उत्तर द्यायला उशीर झाला तर राग मानू नका.

— बांधीकाठची

खाडीकाठ :

ताई, छान विषय आहे. मी मत्स्यशास्त्र शिकलोय, काही वर्षं ट्रॉलरवर नमुने घ्यायचं काम केलंय, तेवढ्यावरून सांगतो.

नावाचं आधी मिटवा. वर्म्स या समुद्री जीवांच्या यादीत एडवर्डसी टाकून बघा, ते स्मिथीकडेच नेतं. एकाच जातीची दोन नावं निघाली की नंतरचं नाव मागे पडतं आणि त्या नावाच्या सगळ्या नोंदी पहिल्या नावात येतात, त्यामुळे नकाशावर रंग एकच. पण तक्त्यात मूळ पेपरात कुठलं नाव होतं तो रकाना ठेवाच, उद्या कोणी विचारलं तर दाखवता येतं.

आता तुमचे मोठे आणि लहान. तुमच्या आईंनी जे सांगितलं तेच इथे जाळ्याचं आहे. तळाच्या ट्रॉलची (ओढत नेतात त्या जाळ्याची) आसं, म्हणजे भोकं, मोठी, बारका खेकडा त्यातून निसटतो, मधल्या पाण्याच्या बारीक जाळ्यात तो अडकतो. म्हणजे आकारातला फरक अर्धा तर जाळ्यानंच तयार केला. आणि दाबलं की दबणारं कवच म्हणजे तो नुकताच कात टाकलेला आहे, त्याची जाडी कुणाशीच ताडून बघू नका. रंगावर पण जाऊ नका, स्पिरिटमध्ये रंग उतरतो.

हा खेकडा मुळात दोन्हीकडे राहणारा. नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात खुल्या अरबी समुद्रात मोठ्या झुंडीनं पोहताना सापडतो, पिवळ्या पराच्या ट्यूनाच्या पोटात निघतो, आणि आपल्या नैऋत्य किनाऱ्याबाहेर उतारावर साधारण २०० ते ४०० मीटरवर तळाच्या जाळ्यातही भरपूर येतो. त्यामुळे वरचा आणि खालचा अशा दोन जाती धरायच्या आधी एकाच जातीच्या आयुष्यातले दोन टप्पे असतील का हे तपासायचं.

रुंदी काट्यांसकट घेतात आणि काटे सोडूनही घेतात. तुम्ही दोन्ही घ्या, कारण काट्याचं टोक तुटलेलं असतं बऱ्याचदा. ज्या पेपरशी तुलना करताय त्यात कुठली घेतली ते आधी वाचा.

झाडीपट्टीचा मास्तर :

पोरी, शाब्बास. मी ब्रह्मपुरीकडचा, शाळेत विज्ञान शिकवतो. नांगीबद्दल सांगतो. नुसती लांबी घेऊ नको, कवचाच्या रुंदीवर नांगीची लांबी ग्राफवर टाक, नर वेगळ्या खुणेनं आणि मादी वेगळ्या खुणेनं. वयात आला की नराची नांगी कवचापेक्षा जोरात वाढते, त्यामुळे ठिपक्यांची रेघ तिथे वर वळते. लहान खेकडे त्याच रेघेच्या खालच्या टोकाला बसले तर जात एक धरायला हरकत नाही. रेघच वेगळी पडली तर मग पुढचा विचार. नराच्या पाटीखालचा पहिला जोड पाय, ज्यानं बीज देतो तो, भिंगाखाली पाहा, जात ओळखायला खेकड्यात त्याच्यावर भरवसा ठेवतात. आणि कवचाच्या बाजूचे दात मोज, कॅरिब्डिसला एका बाजूनं सहा आणि पोर्टुनसला नऊ, म्हणजे निदान बरणीत भलताच खेकडा नाही ना हे समजन.

दुसरं, तुझ्या बांधीतल्या खेकड्याचं उदाहरण सेमिनारात घेच. आपल्या गोड्या पाण्याच्या खेकडीच्या पाटीखाली पिल्लं असतात, अंड्यातून सरळ लहान खेकडाच निघते, तो आईच्या पोटाशीच राह्यते, म्हणून एका नाल्याचा खेकडा दूर जात नाही आणि जागोजागी वेगळा पडू शकते. समुद्राच्या खेकड्याचं पिल्लू झोइया म्हणून प्रवाहात तरंगते. अरबी समुद्रात तर सोमाली प्रवाह नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात ईशान्येकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटा फिरतो. ते पिल्लू कुठून कुठे जाईल याचा हिशोब कर, मग एवढ्या लांबवर एकच जात कशी काय राह्यते हे पोरांना समजावता येईल.

खाडीकाठ :

मास्तरांचं बरोबर आहे. अजून एक, नकाशात मोकळी जागा दिसली तर तिथे खेकडा नाही असं लिहू नका, तिथे जाळं टाकलंच नसेल. ओबिस या समुद्री जीवांच्या नोंदींच्या ऑनलाइन साठ्यावरून नोंदी फुकट उतरवता येतात, पण एकच नमुना दोनदा आलाय का आणि एखादा ठिपका जमिनीवर पडलाय का ते बघून घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे जुने पेपर त्यांच्या ई-प्रिंट साठ्यात मिळतात. आणि कॉलेजच्या लेटरहेडवर कोचीच्या सीएमएलआरई या सागरी जीवसंपदेवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेला लिहा, सागर संपदा या संशोधन जहाजावरचे नमुने त्यांच्या भवसागर केंद्रात ठेवलेले असतात, तुमच्या नऊला जोड मिळेल.

बांधीकाठची :

दादा, सर, दोघांचे मनापासून आभार. कालच पाळीवर बसून वाचलं आणि आज सकाळी लॅब उघडल्या उघडल्या बरणी घेतली. दात सगळ्यांचे सहा. तळाचे पाच, त्यात चार नर. वरच्या पाण्यातल्या चारमध्ये तीन माद्या आणि कात टाकलेला तो एक नर. म्हणजे परत तेच, मी नराला मादीशी ताडत होते! ग्राफवर टाकले तर लहान माद्या आणि तळातली एक मोठी मादी एका सरळ रेघेवर बसल्यासारख्या दिसतात, पण ठिपके चारच आहेत म्हणून ते सेमिनारात फक्त दाखवीन, त्यावरून काही ठरवणार नाही. सीएमएलआरईच्या पत्राचं सरांशी बोलले, ते सही द्यायला तयार आहेत.

एक शंका राहिली. ओबिसच्या नोंदींत बऱ्याच ठिकाणी खोलीचा रकाना रिकामा आहे. त्या नोंदी नकाशावर ठेवून खोलीच्या ग्राफमधून काढायच्या, की दोन्हीकडून काढायच्या?