मदत हवी आहे : दोन झाडांमधली बुरशीची वाट कशी तपासावी?

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या जांभ्याच्या मातीत कुसळी गवत आणि चवळी शेजारी लावून, मुळांवरच्या बुरशीतून नत्र खरंच पलीकडे जातं का ते पाहायचंय. कुंडीत मधोमध 30 मायक्रॉनची नायलॉन जाळी : मुळं अडतात, बुरशीचे तंतू (जाडी साधारण 2 ते 10 मायक्रॉन) आरपार जातात. तुलनेसाठी दुसऱ्या कुंडीत 0.45 मायक्रॉनचा पडदा, त्यातून फक्त पाणी आणि विरघळलेली द्रव्यं.

गोची इथेच आहे. स्फुरद (फॉस्फरस) मातीत जेमतेम सरकतं, पण नायट्रेट, म्हणजे नत्राचं विरघळणारं रूप, पाण्याबरोबर थेट पलीकडे पोचतं आणि श्रेय बुरशीला मिळतं! म्हणून एकाऐवजी दोन जाळ्या लावून त्यांच्यात 2 मिमी हवेची फट ठेवायची आहे, म्हणजे तंतू ती ओलांडतील, पाणी नाही. पाणी घालताना माती ढासळून ती बुजू नये म्हणून काय करता? खालून वातीने पाणी द्यावं का?

मुळांत बुरशी दिसावी म्हणून ती 10% पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये 90 अंशांवर उकडून, धुऊन, 5% शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये रंगवणार. कुसळीच्या बारीक मुळांना उकडायला किती मिनिटं पुरतात? जास्त झालं की लगदा होतो.

आणि जाळीसाठी इचलकरंजीत स्क्रीन प्रिंटिंगचं इतकं बारीक कापड सुटं मिळतं का?