प्रीटर्म बाळ: सातमाशी, अकाली की अपुऱ्या दिवसांचं?

शमी: नवजात बाळांच्या डोळ्यांच्या तपासणीचं पत्रक मराठीत करतेय. बाळ 34 आठवड्यांच्या आत जन्मलं किंवा 2 किलोपेक्षा कमी भरलं, तर 30 दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, असा मजकूर आहे. 'प्रीटर्म', म्हणजे दिवस भरायच्या आत जन्मलेलं; त्याला मी 'सातमाशी' लिहिलं, डॉक्टरांनी खोडलं. 33 आठवड्यांचं बाळ सातमाशी कसं, म्हणाले. आमच्या घरी लवकर झालेलं कुठलंही मूल सातमाशीच! आणि 'करेक्टेड एज'ला काय म्हणू?

वाङ्निष्ठ: 'प्रीटर्म'ला अकालप्रसूत. तयार शब्द आहे.

कृष्णाकाठ: अकालप्रसूत आई होते, बाळ नव्हे. शिवाय 'अकाली' म्हटलं की पुढे 'निधन'च ऐकू येतं. असा कागद त्या आईच्या हातात नको.

बातमीवाला: आम्ही 'मुदतपूर्व' छापतो.

वाङ्निष्ठ: मुदतपूर्व निवडणुका होतात. अर्धा अरबी, अर्धा संस्कृत जोडशब्द! 'कालपूर्व' म्हणा.

बातमीवाला: 'मुदत' आपल्याकडे शेकडो वर्षं नांदतोय. 'कालपूर्व' कुणाला कळणार?

परिचारिका: मी नवजात कक्षात काम करते. आया सांगतात, 'दिवस भरले नव्हते, बाळ काचेत ठेवलंय.' म्हणून 'अपुऱ्या दिवसांचं' लिहा, पण आकडा आठवड्यांतच ठेवा. 'सातवा' म्हणजे लागलेला की सरलेला, हे घरोघरी वेगळं असतं. 28 आणि 31 आठवड्यांच्या बाळांच्या फुप्फुसांत फार फरक असतो. 37 आठवडे पुरे व्हायच्या आतलं प्रत्येक बाळ यात येतं. 'कमी वजनाचं' हा प्रतिशब्द मात्र नको. दिवस भरूनही बाळ अडीच किलोच्या आत असू शकतं.

तिळगूळ: आजी म्हणायची, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. माझा मामा सातव्यातला, कापसात गुंडाळून वाढवलेला.

परिचारिका: मामा वाचले याचा आनंद आहे, पण ती समजूत चुकीची आहे. पोटात काढलेल्या प्रत्येक आठवड्यानं जगण्याची शक्यता वाढते. आठव्यातलं म्हणून आशा सोडू नका. श्रीमंत देशांत 32 आठवड्यांची किंवा त्याआधीची जवळपास सगळी बाळं वाचतात, गरीब देशांत निम्मी जातात. तो फरक उबेचा, आईच्या दुधाचा, जंतुसंसर्ग टाळण्याचा आणि श्वासाला मिळणाऱ्या मदतीचा आहे. ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एदगार रे यांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तेच कांगारू मदर केअर आज आमच्याकडे रोज चालतं.

शमी: आणि करेक्टेड एज?

बातमीवाला: सुधारित वय.

कृष्णाकाठ: वय कसं सुधारेल? 'राहिलेले दिवस वजा करून वय' असं उलगडून लिहा. 28 आठवड्यांना झालेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी वाढ बघताना ते तीन महिन्यांचंच धरायचं. बसत नाही म्हणून आईनं घाबरू नये.

परिचारिका: बरोबर. पण लसी जन्मतारखेनंच द्यायच्या, आणि डोळ्यांच्या तपासणीचे 30 दिवसही जन्मापासूनचेच. हे ठळक छापा.

तिळगूळ: 'सातमाशी' मास वरून ना? मग सहामाही, बारमाहीतला 'माही'?

वाङ्निष्ठ: तो फारसी 'माह'. 'माशी' आपला.

कृष्णाकाठ: आमच्याकडे 'सातमासी'च म्हणतात, 'माशी' नाही.

वाङ्निष्ठ: स पुढे ई आली की श होतोच. पैसा, पैशाचा.

कृष्णाकाठ: 'पैशाचा'त ई कुठे आहे?