मेड इन जपान : तुमची जागा कोणती?

मैफलींत मुरलेली माणसं गाणाऱ्याचं कौतुक करताना फार बोलत नाहीत. "काय जागा घेतली!" म्हणतात आणि पुढचं ऐकू लागतात. डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या 'मेड इन जपान' या लाइव्ह रेकॉर्डबद्दल मला तसंच बोलायचंय, आणि तुमच्याकडूनही तसंच ऐकायचंय. रेकॉर्ड थोर आहे, अशी पुन्हा होणे नाही, हे सगळं बोलून झालंय. तुम्ही फक्त या धाग्यात खाली तुमची जागा सांगा. कुठल्या गाण्यात, नेमकी कुठे, आणि ती कशी सापडली.

ज्यांनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. तीन कार्यक्रमांत मुद्रित झालेली: १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ ला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान सभागृह. गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसवर रॉजर ग्लोव्हर, ड्रमवर इयन पेस. लाइव्ह रेकॉर्डची हौस होती ती जपानी कंपनीला, बँडला फारशी नव्हती. शेवटी आपला ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च असेल तर करू, म्हणाले. सात गाणी, दोन एलपी. (हा त्यांचा पहिला लाइव्ह अल्बम नव्हे. १९६९ साली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ऑर्केस्ट्रासोबत केलेला आहे, पण तो प्रकारच वेगळा.)

माझी जागा अगदी पहिली. 'हायवे स्टार' सुरू व्हायच्या आधीचं ते मिनिट. पेस स्नेअर ड्रमवर काठ्या चाळवतोय, ऑर्गन नुसता घुमतोय, गिलन दोन शब्द बोलतो, गाणं अजून नाहीच. तबला लावताना हातोडीचे ठोके ऐकू येतात ना, तसं. मग त्या चाळवण्यातूनच लय धरली जाते. नेमकी कधी, ते इतक्या वर्षांत मला बोट ठेवून दाखवता आलेलं नाही.

*

माझ्याकडे दादाच्या मित्राने भरून दिलेली कॅसेट होती, साठ मिनिटांची. रेकॉर्ड जवळजवळ सत्याहत्तर मिनिटांची. पुढचं गणित तुम्हीच करा.

पहिल्या बाजूवर 'हायवे स्टार', 'चाइल्ड इन टाइम' आणि 'स्मोक ऑन द वॉटर' मावली होती. मग 'द म्यूल' सुरू व्हायचं, पेसचा ड्रम सोलो कुठे रंगात येतोय तोच टेप संपायची. खट्. बटण वर. दुसऱ्या बाजूला 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन', 'लेझी', आणि वीस मिनिटांच्या 'स्पेस ट्रकिन'चं साधारण अर्धं. पुन्हा खट्. म्हणजे माझ्या कॅसेटला दोन बाजू होत्या आणि एकीलाही शेवट नव्हता. मला ते विचित्रही वाटायचं नाही. रॉक म्हणजे असंच असणार, वाजवता वाजवता मधेच थांबत असतील, अशी माझी समजूत होती.

नोकरीला लागल्यावर सीडी घेतली. 'द म्यूल' लागलं तेव्हा मी ऐकतच नव्हतो, वाट बघत होतो. ती जागा आली. खट् झालं नाही. पेस आपला वाजवतोच आहे. इतकी वर्षं राहत असलेल्या घरात कुणीतरी दार उघडून जास्तीची एक खोली दाखवावी, तसं वाटलं. आजही तिथे माझा हात कॅसेट उलटायला उचलला जातो. माझी जागा तीच. तिथे काय वाजतंय याच्याशी तिचा काही संबंध नाही.

*

वरचं वाचून हळहळलो. पेसचा अर्धाच सोलो म्हणजे जेवण वाढून पान ओढून घेण्यासारखं!

मी ड्रम वाजवतो, हौशी. पेस डावरा आहे. त्याचा सगळा सेट उलटा मांडलेला असतो, त्यामुळे त्याला बघून शिकताना आरशात बघितल्यासारखं होतं आणि मला ते सोयीचं पडायचं. पण माझी जागा सोलोत नाही, 'लेझी'त आहे. सगळे या रेकॉर्डला धडधडाट, दणदणाट म्हणतात. 'लेझी'तला ठेका ऐका. झुलता आहे. हा माणूस जीन क्रुपा या जॅझ ड्रमरला ऐकून मोठा झालाय हे तिथे कळतं. काठी आदळत नाही, उसळून परत हातात येते. मी तीन वर्षं ते जोर लावून वाजवत होतो आणि दर वेळी गाणं दगडासारखं पडायचं. मग एकदा, मनगट दुखत होतं म्हणून, हलक्या हाताने वाजवलं. चाललं!

*

विरोधी मत चालतं का? चालत असावं असं धरून लिहिते.

'स्पेस ट्रकिन' मला रटाळ वाटतं. मूळ स्टुडिओतलं गाणं साडेचार मिनिटांचं आहे आणि तेवढंच पुरतं. उरलेल्या पंधरा मिनिटांत दोन प्रौढ माणसं आपापली वाद्यं कोण जास्त किंचाळवतो याची स्पर्धा करतात. आमच्या घरात हे रविवारी सकाळी लागतं आणि मी बाहेर पडते. शिवाय सगळे जपान, जपान करतात, पण मुखपृष्ठावरचा फोटो लंडनच्या रेनबो थिएटरातला आहे, हे भक्तमंडळींच्या नजरेस आणून देते.

तरी एक जागा आहे. 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात, ऑर्गनची ती हळू धून. गिलनच्या किंकाळ्या सुरू व्हायच्या आधीचं सगळं. ती धून मुळात यांची नाहीच, हे मला नंतर कळलं. 'इट्स अ ब्युटिफुल डे' नावाचा सॅन फ्रान्सिस्कोचा बँड होता, त्यांच्या १९६९ च्या रेकॉर्डवर 'बॉम्बे कॉलिंग' नावाची व्हायोलिनची रचना आहे. तिथून उचललीय, आणि गिलनने ते लपवलेलंही नाही. मूळ चीज चपळ आहे. यांनी ती इतकी संथ केली की तिचा स्वभावच बदलला. एवढं श्रेय देते. किंकाळ्यांना माझ्याकडून काही नाही.

*

माझी गोष्ट मूर्खपणाची आहे.

कॉलेजात माझ्याकडे जो हेडफोन होता त्याचा एक कान मेलेला होता. वायर धरून, वाकवून, चिकटपट्टी लावून झाली. शेवटी एकाच कानाने ऐकायची सवय झाली. 'मेड इन जपान'मध्ये एका बाजूला ऑर्गन आणि दुसऱ्या बाजूला गिटार आहे. माझ्या जिवंत कानात आला जॉन लॉर्ड. त्यामुळे माझ्या लेखी हा एका ऑर्गनवाल्याचा बँड होता आणि त्यांच्याकडे एक भिडस्त गिटारवाला होता, जो लांब कुठेतरी उभा राहून वाजवायचा. ब्लॅकमोर भिडस्त! मैत्रिणी त्याच्या नावाने उसासे टाकायच्या तेव्हा मला त्यांची कीव यायची.

पण त्यामुळे लॉर्ड मला अक्षरशः पाठ झाला. तो हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून तो तसा खरखरतो. हे मी नंतर वाचलं, पण कानाला आधीच ठाऊक होतं की हे देवळातलं वाद्य नाही, याच्या घशात खडे आहेत. 'हायवे स्टार'मधला त्याचा सोलो मला अजून तोंडाने म्हणता येतो, चुकांसकट. माझी जागा तो पूर्ण सोलो.

*

(धागा सुरू करणारा.) एका कानाचा किस्सा फारच आवडला. आता उलटं करून बघा ना. चांगल्या हेडफोनवर फक्त गिटारची बाजू ऐका आणि इथे येऊन सांगा.

*

लाइव्ह कार्यक्रमांचं साउंड करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे माझी जागा धंद्यातलीच.

आज मी एकट्या ड्रमसेटला आठ-दहा माइक लावतो. बर्चकडे अख्ख्या बँडसाठी आठ ट्रॅक होते. तेवढ्यात त्याने पाच माणसं, सभागृह आणि टाळ्या बसवल्या, आणि प्रत्येक वाद्य कुठे उभं आहे ते आजही डोळे मिटून दाखवता येतं. नंतर स्टुडिओत डागडुजी नाही. मी ज्यांच्यासाठी काम केलंय त्यातल्या एका नामवंत मंडळींच्या 'लाइव्ह' रेकॉर्डमध्ये टाळ्या सोडून सगळं पुन्हा वाजवलेलं होतं. नाव सांगत नाही, अजून पैसे यायचेत.

जागा: गाण्यांच्या मधे स्टेजवर मॉनिटरबद्दल (वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) कुरकुर चालते, हे जास्त हवं, ते जास्त हवं. त्यावर गिलन म्हणतो, सगळंच बाकी सगळ्यापेक्षा मोठ्याने होऊ दे. लोक याला विनोद समजतात, मोटरहेड या रॉक बँडने पुढे एका लाइव्ह अल्बमला जवळपास तेच नाव दिलं. मला दर कार्यक्रमात हीच मागणी गंभीर चेहऱ्याने केली जाते.

*

'स्मोक ऑन द वॉटर'. हो, तेच. नाक मुरडू नका.

गिटार हातात घेणारा प्रत्येक जण ती रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा तो गिटारचा तुकडा, पहिल्या आठवड्यात वाजवतो आणि बहुतेक सगळे चुकीची वाजवतात. आपण पिकने (तार छेडायच्या पत्तीने) पॉवर कॉर्ड ओढतो, म्हणजे षड्ज-पंचमाची जोडी. ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी उचलतो, आणि त्यातलं अंतर पंचमाचं नाही, मध्यमाचं आहे. दोन्ही स्वर एकदम सुटतात, एकामागून एक खरवडले जात नाहीत. हे मला या रेकॉर्डवर ऐकून कळलं, कारण इथे तो सुरुवातीला एकटा आहे आणि झाकायला काही नाही.

पण माझी जागा थोडी वेगळी. ऑगस्ट १९७२ मध्ये हे गाणं जगप्रसिद्ध नव्हतं. ते ज्यावर आहे तो 'मशीन हेड' अल्बम मार्चमध्ये आलेला, सिंगल (सुट्ट्या गाण्याची रेकॉर्ड) म्हणून ते गाजलं १९७३ मध्ये. या रेकॉर्डवर रिफ सुरू होते तेव्हा लोक टाळ्या धरतात, खुशीत आहेत, पण आजच्यासारखा छप्पर उडवणारा कल्लोळ नाही. त्यांच्यासाठी ते नव्या रेकॉर्डवरचं एक गाणं आहे, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोला लागलेल्या आगीबद्दलचं. आपल्याला जे ठाऊक आहे ते त्या सभागृहात कुणालाच ठाऊक नाही. वाजवणाऱ्यालाही नाही. तो किती सहज वाजवतो! पुढच्या सगळ्या लाइव्ह रेकॉर्डांमध्ये तो रिफला सलाम केल्यासारखा वाजवतो, असं आपलं माझं मत.

*

'लेझी', गिलनचा माउथ ऑर्गन. एवढंच.

*

'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मधली सवाल-जवाबाची जागा. ब्लॅकमोर गिटारवर तुकडा टाकतो, गिलन तो गळ्याने परत करतो, मग अजून अवघड, अजून वर, शेवटी गिलन लांबलचक किंकाळी ताणतो.

बाबा आणि मी हे घरात करायचो. मी गिटार, ते गिलन. मी तोंडाने काहीतरी 'टँव टँव' करायचे, ते परत करायचे, आईने आतून "पुरे" म्हणेपर्यंत. शेवटची किंकाळी अर्थातच त्यांची. मागच्या वर्षी सहज म्हणून सुरू केलं तर किंकाळीच्या निम्म्यात ढास लागली. पाणी प्यायले आणि म्हणाले, आता तू गिलन हो, मी गिटार. भूमिका बदलल्यात तेव्हापासून. गिटार ते फार अवघड टाकतात, मुद्दाम.

*

तिन्ही रात्रींचा तीन सीडींचा संच १९९३ मध्ये निघाला. मी तो घेतला आणि महिनाभर घरच्यांशी धड बोललो नाही.

मूळ रेकॉर्डचा बराचसा भाग १६ तारखेचा आहे. 'स्मोक' १५ तारखेचं, 'द म्यूल' आणि 'लेझी' टोकियोचं. मला वाटायचं की सोलो ठरलेले असणार, इतकं ते घट्ट आहे. तिन्ही रात्री लागोपाठ लावल्या तेव्हा कळलं की सांगाडा ठरलेला आहे आणि आतलं मांस रोज नवं. ब्लॅकमोर एका रात्री जी वाट धरतो ती दुसऱ्या रात्री ओलांडून जातो, लॉर्ड त्याला आधी चिडवतो, मग साथ देतो. बंदिश तीच, मांडणी रोजची. मग मूळ रेकॉर्ड परत ऐकताना एक गंमत झाली: प्रत्येक जागेच्या मागे मला त्याच जागेची न निवडलेली दोन रूपं ऐकू यायला लागली. हे सुख आहे की दुखणं ते ठरवलेलं नाही.

आणखी एक, जे ऐकताना मनातून जात नाही. इतकं एकमेकांचं ऐकणारी ही माणसं तेव्हा आतून थकलेली होती. रेकॉर्ड इंग्लंडात आली डिसेंबर १९७२ मध्ये, आणि त्याच सुमारास गिलनने सोडायचं ठरवून टाकलं होतं. या पाच जणांचा त्या काळातला शेवटचा कार्यक्रम झाला २९ जून १९७३ ला. कुठे? ओसाकातच. माझी जागा म्हणून मी 'चाइल्ड इन टाइम'चं शेवटचं मिनिट सांगेन, सगळे वेग वाढवत कड्याकडे धावत जातात आणि एकही जण आधी थांबत नाही.

*

एका कानवाली परत आलेय. सांगितल्याप्रमाणे केलं.

काल रात्री नवा हेडफोन, दिवे बंद, लॉर्डचा कान काढून ठेवला. 'चाइल्ड इन टाइम' लावलं. ऑर्गन शेजारच्या बिऱ्हाडातून यावा तसा येत होता. अख्खी पहिली दोन-तीन मिनिटं मी ज्या स्वरांवर जगले ते भिंतीपलीकडे, आणि माझ्या बाजूला गिटारवाला नुसता अधूनमधून तार चाळवतोय. मला वाटलं, बघा, म्हणत होते ना, भिडस्त आहे. मग गिलनच्या किंकाळ्या झाल्या, लय पलटली, आणि तो सुरू झाला.

मैत्रिणींपैकी एकीला रात्री साडेबाराला फोन केला. तिने झोपेतच विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "ब्लॅकमोर."