मदत हवी आहे: पाच तारी बेस गिटार, कमी वापरलेली, घेऊ का नको लवकर सांगा

खालचा_सूर
नमस्कार मंडळी. पाच तारी इलेक्ट्रिक बेस घ्यायचीय, सेकंडहँड पण कमी वापरलेली. महिनाभर शोधतोय, नवीन परवडत नाही आणि जुन्या ज्या दिसतायत त्या सगळ्या मुंबई-पुण्याला, फोन केला की म्हणतात कालच गेली. आता एक मिळालीय यामाहाची, मालक म्हणतो दोन वर्षं घरातच होती, फारशी वाजवलेली नाही. बावीस हजार सांगतोय. घेऊ का नको? नारळी पौर्णिमेला मालवणला कार्यक्रम आहे, तालमी सुरू झाल्यात, त्यामुळे प्लीज लवकर सांगा. फोटो चढत नाहीयेत.

तारकर्ली_वारा
मॉडेल कुठलं? यामाहाची टीआरबीएक्स 305 पण पाच तारी आणि 505 पण पाच तारी, दोघींच्या किमतीत बराच फरक आहे. तू हातात घेऊन बघितलीस का? आणि सोबत अँप आहे का नुसती बेस?

वाशिष्ठी
अ‍ॅडव्हान्स पाठवू नका, बाकी मला बेसमधलं काही कळत नाही. मुलासाठी जुना कीबोर्ड ऑनलाइन बघितला होता, समोरचा म्हणाला मी सैन्यात आहे, बदली झालीय, कीबोर्ड पॅक करून ठेवलाय, तीन हजार पाठवा म्हणजे दुसऱ्याला देत नाही. पाठवले आणि त्या दिवसापासून फोन बंद. मुलगा आठवडाभर रोज विचारत होता कधी येणार म्हणून. वस्तू हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

खालचा_सूर
नाही हो ताई, हा माणूस ओळखीतला आहे, मित्राच्या मामेभावाच्या चर्चमध्ये वाजवायचा. 305 आहे. बघितलेली नाही अजून, नुसते फोटो. अँप नाही. बजेट वीसपर्यंत आहे, ओढूनताणून बावीस.

जुना_बेंजोवाला
पाच तारा कशाला पाहिजेत पण? मी वीस वर्षं ऑर्केस्ट्रात चार तारीवर काढली, देवगडपासून राजापूरपर्यंत एकही गाणं अडलं नाही. पाचवी तार म्हणजे अंगठा ठेवायची जागा. त्यापेक्षा चांगली चार तारी घे, याच पैशात वरचा माल मिळेल. आजकालची पोरं तारा मोजतात, हात कोणी बघत नाही.

आरवलीचो
अरे पण तू खय रवतस ता सांग आधी! बेस खय आसा? म्हापशात असली तर माझो भाव बगून येयत.

खालचा_सूर
कुडाळ. बेस म्हापशालाच आहे.

बेंजोवाले काका, आदर आहे तुमचा पण चार तारी माझ्याकडे आहेच, तीन वर्षं तीच वाजवतोय. अडचण अशी आहे की आमचा नवीन गायक पेटीच्या काळी एक पट्टीत गातो आणि अर्धी गाणी काळी दोनमध्ये घेतो. चार तारीची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन. काळी दोन त्याच्या एक पायरी खाली, ती मला खाली मिळतच नाही, ए तारेवर सहाव्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या सहाव्या धातूच्या रेषेला, जाऊन वरचीच वाजवावी लागते. काळी एकचं तेच, चौथा फ्रेट. गाणं जिथे जड व्हायला पाहिजे तिथे मी वर जातो आणि खालून सगळं रिकामं. कीबोर्डवाला डाव्या हाताने भरून काढतो, मग मी तिथे कशाला उभा आहे?

जुना_बेंजोवाला
हे आधी सांगायचं ना. मग प्रश्न वेगळा आहे.

तारकर्ली_वारा
मग नवीन घ्यायचीच गरज नाही. आहे त्या चार तारीवर पाच तारीचा सेट आणून खालच्या चार तारा चढव, बी ई ए डी. वरची 'जी' (G) तार गेली तर गेली, ऑर्केस्ट्रात तिच्यावर कोण जातो. बी तार तीच, दुसऱ्या फ्रेटला काळी एक, चौथ्याला काळी दोन. खर्च एका सेटचा.

खालचा_सूर
करून बघितलंय दादा. बी ला उतरवल्यावर तार दोरीसारखी लोंबते, फ्रेटवर आपटते.

तारकर्ली_वारा
आहे तीच तार उतरवलीस ना? ई ची तार शंभर-एकशेपाचची (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) असते, ती बी ला ढिली पडणारच. बी साठी 130 ची पाहिजे. सेट घेताना 45 ते 130 बघून घे. नटची, म्हणजे दांडीच्या (नेकच्या) टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच मात्र कानशीने थोडी रुंद करावी लागते, नाहीतर जाडी तार वर बसते.

जुना_बेंजोवाला
नटला कानस लावायला सांगू नकोस पोराला. एक घाव जास्त बसला की मोकळी तार पहिल्या फ्रेटला घासायला लागते आणि मग नट बदलायला माणूस कुठे शोधणार, कुडाळात? आणि 'जी' तार कोण वापरतो म्हणजे काय, गजलेत मधल्या जागा भरायच्या असतात तेव्हा तीच लागते. मी म्हणतो आता पाच तारीच घे.

तारकर्ली_वारा
काका सकाळी तुम्हीच म्हणालात पाचवी तार अंगठ्याला.

जुना_बेंजोवाला
सकाळी मला काळी एक माहीत नव्हती.

माडाखाली
माहितीसाठी सांगतो, पाच तारी म्हणजे खालची बी असंच काही नाही. फेंडरने 1965 मध्ये बेस फाइव्ह काढली तिच्यात पाचवी तार वरची होती, सी, आणि फ्रेट फक्त पंधरा. ती चालली नाही. खालच्या बीची पाच तारी सत्तरच्या दशकात आली आणि म्युझिक मॅनची स्टिंगरे फाइव्ह 1987 मध्ये निघाली त्यानंतर सगळीकडे दिसायला लागली. ज्यांना यात रस आहे त्यांनी अँथनी जॅक्सनची सहा तारी पण बघावी, ती 1975 ची.

खालचा_सूर
धन्यवाद पण मला शनिवारी जायचंय, बघायचं काय ते कोणीतरी सांगा.

माडाखाली
त्याचसाठी लिहिलं. आजही काहीजण पाच तारीला ई ए डी जी सी लावतात. तसं असेल तर नटच्या खाचा बारीक केलेल्या असतील आणि तुझी बी तार त्यात बसणार नाही. आधी फोनवर विचारून घे.

रात्रीची_मांडवी
मी पणजीत हॉटेलात वाजवते, पाच तारीवरच, तर सांगते. मालक दाखवतो त्या क्रमाने बघू नका. पहिल्यांदा बेस पोटाशी आडवी धरा आणि ब्रिजच्या, म्हणजे खाली तारा अडकवतात त्या, बाजूने नेकवरून एका डोळ्याने सरळ बघा, बंदुकीचा नेम धरतात तसं. नेकच्या दोन्ही कडा एका पातळीत दिसल्या पाहिजेत, एक कड वर आणि एक खाली अशी पिळवटलेली दिसली तर चहा पिऊन परत या, पीळ निघत नाही, वाक निघतो. मग जाडी तार पहिल्या फ्रेटला आणि शेवटच्या फ्रेटला एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली बघा, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट पाहिजे. जास्त असेल किंवा अजिबात नसेल तरी घाबरायचं कारण नाही, ते ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या सळईने, जमतं, पण ट्रस रॉड फिरतो का ते तिथेच बघा. 305 ला तो डोक्याकडे छोट्या झाकणाखाली असतो, मालकाकडे ॲलन की मागा, पाव फेरा द्या, त्याहून जास्त नाही. गंजून जाम झाला असेल किंवा की नुसतीच फिरत असेल तर ती बेस फुकट मिळाली तरी महाग.

आणि बॅटरीचं झाकण उघडल्याशिवाय पैसे काढू नका. ही बेस नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, 505 सारखं पॅसिव्हचं, म्हणजे बॅटरीशिवाय वाजवायचं, बटण हिला नाही, बॅटरी मेली की आवाज मेला. दोन वर्षं घरात पडली म्हणतोय तर बॅटरी आतच राहिली असणार आणि आपल्या हवेत ती पाझरते. आणि एक सवय आत्तापासून लावून घ्या, वाजवून झालं की केबल काढायची. केबल जॅकमध्ये राहिली की बॅटरी रात्रभर खर्च होते.

जुना_बेंजोवाला
ताईने लाखाचं सांगितलं. माझ्याकडून एवढंच की बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट लावून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर दोन्ही ट्यूनरवर जुळव, पाचही तारांचा.

वाशिष्ठी
पावसात बुरशी येते ती कशी टाळता तुम्ही लोक? आमचा कीबोर्ड शेवटी घेतला तर पट्ट्यांवर पांढरं आलंय.

तारकर्ली_वारा
कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवा. माझ्या दोन गिटार तशाच राहतात, पाच पावसाळे.

रात्रीची_मांडवी
बल्ब नको हो! कीबोर्डला चालेल कदाचित, लाकडाला एका बाजूने ऊब आणि दुसऱ्या बाजूने ओल म्हणजे नेक हलणारच. सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि रोज वाजवा. वाजवलेलं वाद्य खराब होत नाही.

तारकर्ली_वारा
पाच पावसाळे म्हणतोय मी. नेक सरळ आहेत.

आरवलीचो
आमच्याकडे तांदळाची पुरचुंडी ठेवतत पेटयेत. पण मगे टोके होतत.

खालचा_सूर
जाऊन आलो. मित्राची गाडी होती, पत्रादेवीपर्यंत पाऊस आणि पुढे ऊन.

मालक वयस्कर आहेत, हात थरथरतो म्हणून वाजवणं सोडलं. बेस कपाटामागे बॅगेतच उभी होती. मांडवीताई, बॅटरी आतच होती. झाकण उघडलं तर क्लिपवर हिरवट पांढरं पीठ साठलेलं आणि एक तार नखाने टोचली तर तुटून हातात आली. त्या माणसाचा चेहरा उतरला, त्यांना खरंच माहीत नव्हतं. तारा सगळ्या गंजलेल्या, बी तारेवरून बोट फिरवलं तर बोट तपकिरी झालं. पण नेक सरळ! दोनदा बघितला, मित्रालाही बघायला लावला. फट थोडी जास्त होती, ट्रस रॉड पाव फेरा फिरला, अगदी लोण्यासारखा. फ्रेटवर खाचा जवळजवळ नाहीतच, म्हणजे फारशी वाजवलेली नाही हे खरं आहे.

क्लिप तुटल्यामुळे आवाज ऐकायला मिळत नव्हता, तिथेच अडलो. म्हटलं आवाज न ऐकता कशी घेऊ. मग ते स्वतःच म्हणाले बाजारात माझा एक दुरुस्तीवाला आहे, चला. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याने दहा मिनिटांत नवीन क्लिप डाग देऊन बसवली. लावली तर नॉब फिरवताना खर्र खर्र, बाकी सगळं चालू, दोन्ही पिकअप. साडेअठरावर दिली. निघताना त्यांनी बॅगेच्या खिशातून स्वतःचा जुना पट्टा काढून दिला, चामड्याचा, आणि म्हणाले रविवारी वाजव कधीतरी.

रात्रीची_मांडवी
खूप छान झालं. खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा नॉबच्या आतून आणि वीसएक वेळा पूर्ण फिरवा. तारा लगेच बदला, वाजवल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, खालून सुद्धा.

जुना_बेंजोवाला
अभिनंदन. आवाज कशातून काढतोयस?

खालचा_सूर
तालमीला कीबोर्डच्या अँपमधून, कार्यक्रमाला साउंडवाला आहे. काल नवीन तारा लावून पहिली तालीम झाली. गायकाने काळी एक लावली, मी बी तारेवर दुसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं आणि ड्रमवाल्याने काठी उचललीच नव्हती तरी स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) आपोआप झणझणायला लागला. सगळे वळून बघायला लागले. कीबोर्डवाल्याने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. मला रात्री झोप नाही आली.

पण आता तो स्नेअर प्रत्येक संथ गाण्यात झणझणतोय, त्याचं काय करायचं?

जुना_बेंजोवाला
संथ गाण्यात स्नेअरच्या बाजूचा खटका खाली पाडायला सांग, तारा सुटतात. आणि अँप ड्रमपासून लांब ठेव. मालवणला कुठे आहे कार्यक्रम, धक्क्यावर का?

खालचा_सूर
हो, धक्क्यावर. संध्याकाळी सातला. या काका.